जपानी लाकडी ठशांची चित्रे : फक्त फुले आणि देवस्थाने एवढाच विषय धरून संग्रह करता येईल का?

प्रश्न : केवडा (बडोदे)

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

मी बडोद्यात दांडिया बाजार भागात राहते आणि एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. जपानी लाकडी ठशांवरून छापलेल्या चित्रांकडे मी वळले ती त्यांतल्या फुलांमुळे. आयरिसच्या पानाची मधली शीर, पिओनीच्या कळीला धरून बसलेली निदले, वाळू लागलेल्या पानाची पिवळी कड या गोष्टी त्या चित्रकारांनी ज्या बारकाईने टिपल्या आहेत, ती बारकाई आमच्या प्रयोगशाळेतल्या तक्त्यांतही क्वचितच दिसते. फुले पाहता पाहता त्याच परंपरेतली देवस्थाने समोर आली. पावसात भिजलेली तोरणद्वारे, बर्फाने झाकलेली लाल देवळे, दगडी दिव्यांच्या रांगा पाहून असे वाटू लागले की या दोनच विषयांपुरता, वीस-पंचवीस चित्रांचा संग्रह सवडीने उभा करावा. नोकरदार माणसाची ऐपत असते तेवढीच माझी आहे, त्यामुळे एकेका चित्रासाठी लाखभर रुपये घालणे शक्य नाही.

माझ्याजवळ सध्या एकच चित्र आहे. माझ्या भावाच्या कारखान्यात काम पाहण्यासाठी आलेल्या एका जपानी गृहस्थांनी परत जाताना ते त्याला भेट दिले आणि त्याने ते माझ्याकडे सोपवले. ते किती जुने आहे हे कसे ओळखावे, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरे असे की, एका परदेशी लिलावाच्या संकेतस्थळावर कावासे हासुई यांच्या झोजोजी देवळाच्या बर्फातल्या प्रसिद्ध चित्राची जाहिरात आली असून तिच्यावर ‘१९२५, मूळ’ असे लिहिलेले आहे. किंमत मात्र माझ्या एका महिन्याच्या पगाराहून कमी आहे. ती जाहिरात खरी मानावी का? तिसरी चिंता आपल्या हवेची आहे. आमचे घर जुन्या वाड्यातले असल्यामुळे श्रावणात भिंतींना ओल येते आणि पुस्तकांना बुरशी धरते, तेव्हा असे नाजूक कागद घरात ठेवणे कितपत शहाणपणाचे आहे, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर : ठसा-शाई

झोजोजीच्या चित्राविषयी आधी लिहितो, कारण तिथे पैसे अडकण्याचा संभव आहे.

लाल दरवाजा, तिरका पडणारा बर्फ आणि छत्री आडवी धरून चाललेली स्त्री असे ते चित्र हासुईंच्या ‘टोकियोची वीस दृश्ये’ या मालिकेतले असून १९२५ हे ते प्रथम प्रसिद्ध झाल्याचे वर्ष आहे. तुमच्या समोर असलेली प्रत त्या वर्षी छापली गेली असे त्यावरून मुळीच ठरत नाही. या चित्रांचे प्रकाशक वातानाबे शोझाबुरो यांनी खपणाऱ्या चित्रांच्या प्रती पुढे अनेक वर्षे काढल्या, हासुई १९५७ मध्ये वारले त्यानंतरही छपाई थांबली नाही, आणि झिजलेल्या ठशांच्या जागी नवे ठसे कोरून त्याच चित्राच्या प्रती आजही निघतात. त्यामुळे जाहिरात देणारा खोटे बोलत असेलच असे नाही. तो चित्राचे वर्ष सांगतो आहे आणि आपण ते प्रतीचे वर्ष म्हणून वाचतो आहोत. चित्रकाराच्या हयातीतली प्रत, मरणोत्तर हातछपाईची प्रत आणि यंत्रावर छापलेले भित्तिपत्रक या तीन वेगळ्या वस्तू आहेत, आणि त्यांच्या किमतींमध्ये काही पटींचा नव्हे, शेकडो पटींचा फरक पडतो. झोजोजीची हयातीतली चांगली प्रत आज लाखांच्या घरात जाते, म्हणून तुम्ही म्हणता त्या किमतीला मिळणारी प्रत फार तर उत्तरकालीन हातछपाई असणार.

वातानाबेंच्या प्रतींचा काळ ठरवण्यासाठी प्रकाशकाचा शिक्का पाहतात. चित्राच्या आत किंवा समासात असलेल्या या शिक्क्याचा आकार आणि मजकूर काळानुसार बदलत गेला आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे उभे चौकटीतले शिक्के वेगळे, युद्धानंतरचा लहान गोल शिक्का वेगळा आणि १९८९ नंतरच्या प्रतींवरचा वेगळा. विक्रेत्याकडे शिक्क्याचे जवळून घेतलेले छायाचित्र मागावे. ते देण्यास तो टाळाटाळ करत असेल तर त्या व्यवहारातून बाहेर पडावे. हासुईंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपात लागलेल्या आगीत वातानाबेंचे दुकान, कोरलेले ठसे आणि शिल्लक प्रती जळाल्या, हासुईंच्या रेखाटनवह्याही गेल्या. म्हणून १९२३ पूर्वीच्या त्यांच्या प्रती दुर्मीळ आहेत आणि स्वस्तात मिळणारी ‘भूकंपापूर्वीची’ प्रत दिसली की हात आखडता घ्यावा.

आता ओळखण्याविषयी. मी येथील ललितकला विद्याशाखेत छापचित्रणाचा विद्यार्थी होतो आणि लाकडावर कोरण्याचे थोडेफार काम आजही करतो, त्यामुळे मला वाटते की ही चित्रे कशी बनतात हे डोळ्यांसमोर असेल तर शिक्के पाठ करण्याची निम्मी गरज उरत नाही. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करतो. कोरणारा कारागीर तो कागद डोंगरी चेरीच्या फळीवर उलटा चिकटवून रेषा ठेवतो आणि बाकीचे लाकूड काढतो. त्यानंतर प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी किंवा फळीची वेगळी बाजू लागते. सर्व रंग एकमेकांवर नेमके बसावेत म्हणून प्रत्येक फळीच्या कडेला दोन खाचा कोरलेल्या असतात, एक काटकोनी आणि एक सरळ. छापणारा प्रत्येक वेळी कागदाचा कोपरा आणि कड त्या खाचांना टेकवतो. रंग पाण्यातले असतात व त्यांत भाताची पेज मिसळतात. कागद ओलसर ठेवतात, आणि यंत्राऐवजी बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या गोल चकतीने, जिला बारेन म्हणतात, पाठीमागून घासून रंग कागदात उतरवतात. आकाश गडद निळ्यापासून पांढऱ्याकडे विरत जाते ते फळीवरच ओल्या फडक्याने किंवा ब्रशने रंग पुसट करून साधलेले असते, आणि हे काम प्रत्येक प्रतीला नव्याने करावे लागत असल्याने दोन प्रतींची आकाशे कधीच तंतोतंत सारखी नसतात. हिरोशी योशिदांच्या चित्रांना सरासरी तीसएक वेळा छाप द्यावे लागत आणि काही चित्रांना शंभराच्या जवळपास.

या सगळ्याच्या खुणा कागदावर राहतात. कोझो या तुतीवर्गीय झुडपाच्या सालीपासून केलेल्या कागदात रंग मुरतो, म्हणून चित्र उलटे केले की मागे त्याची फिकट सावली दिसते व बारेनच्या गोलाकार घासण्याच्या रेघा दिसतात. दहापट भिंगाखाली रंगाचा पृष्ठभाग सलग आणि तंतूंमध्ये शिरलेला असतो. यंत्रावरच्या छपाईत त्याऐवजी निळ्या, लाल, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांची जाळी दिसते, आणि ती दिसल्यावर पुढे विचार करण्यासारखे काही उरत नाही. आपण वनस्पतिशास्त्राच्या आहात, म्हणजे भिंग हाताशी असणारच. आपल्या चित्राची मागची बाजू आणि समास पाहून काय दिसते ते कृपया येथे लिहावे.

उत्तर : रावपुराकर

वरील उत्तर उत्तम आहे. मी संग्राहकाच्या बाजूने लिहितो.

‘फुले आणि देवस्थाने’ हा विषय ऐकायला लहान वाटतो, पण जपानी छापचित्रांपैकी बरीच चित्रे त्यात बसतील. होकुसाईंनी १८३३-३४ च्या सुमारास केलेली मोठ्या फुलांची दहा चित्रे यात येतात, हिरोशिगेंची फुला-पक्ष्यांची शेकडो चित्रे येतात, ओहारा कोसोन येतात, आणि देवळांच्या बाजूने पाहिले तर हासुई, योशिदा, त्सुचिया कोइत्सु, कासामात्सु शिरो, असानो ताकेजी अशी रांगच लागते. इतक्या मोठ्या बाजारात नोकरदार माणूस उतरला की दिसेल ते आवडते व घेतले जाते, आणि पाच वर्षांनी हाती येते ते एकमेकांशी न बोलणाऱ्या चित्रांचे गाठोडे. म्हणून माझा सल्ला असा की, विषय आणखी आवळावा आणि एकच जागा धरावी.

ती जागा मी सुचवतो : टोकियोतले कामेइदो तेनजिन. हे सुगावारा नो मिचिझाने या नवव्या शतकातल्या विद्वान मुत्सद्द्याला वाहिलेले शिंतो देवस्थान आहे आणि विद्येचा देव म्हणून परीक्षेला बसणारी मुले आजही तिथे नवस बोलतात, तेव्हा प्राध्यापकबाईंच्या संग्रहाला हे दैवत शोभेल. त्याच्या तळ्यावर कमानदार पूल आहे आणि तळ्याकाठी मांडवांवर विस्टेरियाच्या वेली चढवलेल्या आहेत. आपल्या बहाव्याच्या घोसांना जांभळा रंग दिला तर जसे दिसतील तसे त्यांचे फुलोरे पाण्यावर लोंबतात. म्हणजे फूल आणि देवस्थान दोन्ही एकाच चौकटीत. हिरोशिगेंनी १८५६ मध्ये ‘एदोची (म्हणजे जुन्या टोकियोची) शंभर प्रसिद्ध दृश्ये’ या मालिकेत हा पूल आणि समोर लोंबणारे घोस काढले. हिरोशी योशिदांनी १९२७ मध्ये तोच पूल केला, हासुईंनी १९३२ मध्ये तिथलीच विस्टेरिया केली, आणि ताकाहाशी शोतेईसारख्या लहान आकारात काम करणाऱ्यांनीही ही जागा सोडली नाही. देवस्थानाजवळच प्लमची एक बाग होती. हिरोशिगेंनी १८५७ मध्ये तिच्यातले वाकडे झाड अगदी डोळ्यांपुढे आणून काढले, आणि त्यावरून व्हॅन गॉगने १८८७ मध्ये तैलरंगात नक्कल केली. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत जुने देवस्थान जळाले, त्यामुळे ही चित्रे त्या जागेचा पुरावाही आहेत. एकाच पुलाकडे शंभर वर्षांत चार-पाच जणांनी कसे पाहिले, कोणी पुलाला महत्त्व दिले, कोणी पाण्यातल्या सावलीला, हे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यात जी गंमत आहे ती वीस सुट्या सुंदर चित्रांत येत नाही.

यातली हिरोशिगे आणि योशिदांची हयातीतली प्रत आपल्या ऐपतीबाहेरची असेल हे मला मान्य आहे. तिथे आदाची यांच्यासारख्या टोकियोतल्या संस्थांनी नव्याने ठसे कोरून, जुन्याच पद्धतीने हाताने छापलेल्या प्रती आहेत. शोतेईंची लहान चित्रे मात्र जुनी असूनही आवाक्यात मिळतात.

एक मोह टाळा. योशिदा १९३०-३१ च्या हिवाळ्यात हिंदुस्थानात आले होते आणि परतल्यावर त्यांनी ताजमहाल, अजिंठा, उदयपूर, काशीचे घाट, ग्वाल्हेरचा किल्ला अशी चित्रे केली. आपल्याकडचा प्रत्येक संग्राहक त्यांच्यासाठी वेडा होतो, त्यामुळे भाव चढलेले असतात, आणि आपल्या विषयात ती बसतही नाहीत. तरीही कोठे योशिदांचे चित्र पाहिलेच, तर समासात वरच्या बाजूला ‘जिझुरी’ हा शिक्का आहे का आणि खाली पेन्सिलीने केलेली सही आहे का ते पाहावे. ‘जिझुरी’ म्हणजे छपाई चित्रकाराच्या स्वतःच्या देखरेखीखाली झाली. सही पेन्सिलीची नसून छापलेली असेल तर ती प्रत सहसा त्यांच्या मृत्यूनंतर, म्हणजे १९५० नंतर, कुटुंबीयांनी काढलेली असते.

केवडा

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. कामेइदोची कल्पना मला फारच पटली आहे.

चित्र भिंगाखाली पाहिले. पांढऱ्या पिओनीचे फूल, दोन कळ्या आणि करड्या-हिरव्या छटेची पाने असे ते आहे. ठिपके कोठेही नाहीत. पानांचा हिरवा रंग कागदाच्या तंतूंमध्ये शिरलेला दिसतो, आणि जिथे हिरव्यावर गडद शीर छापली आहे तिथे एका पानाच्या टोकाला ती केसभर बाहेर सरकली आहे. पांढऱ्या पाकळ्यांना रंगाची बाह्यरेषा जवळजवळ नाही. पण खिडकीकडे तिरके धरले तेव्हा पाकळ्यांच्या शिरा कागदातच उठलेल्या दिसल्या, जणू कोणी पाठीमागून दाबल्या असाव्यात. उलट्या बाजूला पानांच्या जागी फिकट हिरवी सावली आहे आणि काही ठिकाणी वाटोळ्या चकाकत्या रेघा आहेत. चित्राच्या कोपऱ्यात लाल शिक्का आहे. चित्रासोबत जाड कागदाचे पाकीट असून त्यावर जपानी मजकुराबरोबर इंग्रजीतही फुलाचे नाव छापले आहे. फोनमधल्या भाषांतराच्या सोयीने सही ‘शोदो’ आणि प्रकाशक ‘उन्सोदो, क्योतो’ असा वाचला गेला.

उत्तर : ठसा-शाई

मग बरेच कोडे सुटले. ही हातछपाई आहे यात मला शंका नाही. केसभर सरकलेली शीर म्हणजे त्या एका छापाच्या वेळी कागद खाचेला किंचित कमी टेकला होता, आणि असे सरकणे चांगल्या प्रतीतही थोडेफार असते. पाकळ्यांच्या उठलेल्या शिरा म्हणजे बिनरंगी छपाई. कोरलेल्या फळीवर रंग न लावता नुसता दाब देऊन ती करतात, आणि पांढरे फूल पांढऱ्या कागदावर दाखवण्याचा याहून सुरेख मार्ग मला तरी ठाऊक नाही. यंत्रावरच्या स्वस्त नकलेत हे उठलेपण येत नाही.

‘शोदो’ म्हणजे कावाराझाकी शोदो (१८८९-१९७३) हे क्योतोचे चित्रकार. उन्सोदो ही क्योतोची प्रकाशन संस्था १८९१ पासून चालत आलेली असून वस्त्रांच्या नक्षीच्या वह्या आणि फुलांची छापचित्रे हे तिचे खास क्षेत्र आहे. शोदोंची फुलचित्रे तिने मुख्यतः १९५० नंतरच्या काळात काढली. तिच्याकडे जुन्या ठशांचा मोठा साठा असून ती त्यांवरून पुन्हा पुन्हा छपाई करते, त्यामुळे पाकिटावरील इंग्रजी मजकूर पाहता आपली प्रत परदेशी गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवून युद्धानंतर केव्हातरी काढलेली आहे, एवढे म्हणता येते. तिची बाजारातली किंमत काही हजार रुपयांच्या आत-बाहेर असेल. परंतु कारागिरी पाहायची तर ती प्रथम श्रेणीची आहे, आणि फुलांच्या बाजूने संग्रह सुरू करायला उन्सोदोपेक्षा चांगली जागा नाही. शोदोंच्या जोडीने तानिगामी कोनान यांचीही चित्रे पाहावीत. त्यांनी १९१७ मध्ये डेलिया, पॉपी, ट्युलिप अशा पाश्चात्य फुलांची मालिका केली असून पानांवरचे कीटकांनी खाल्लेले भागसुद्धा ते सोडत नाहीत. वनस्पतिशास्त्रज्ञाला ते जवळचे वाटतील.

ओहारा कोसोन यांच्या बाबतीत मात्र एक खबरदारी घ्यावी लागते. त्यांनी कोसोन, शोसोन आणि होसोन अशा तीन नावांनी सह्या केल्या. सुरुवातीची चित्रे दाइकोकुया आणि कोक्केइदो या प्रकाशकांनी काढली आणि १९२६ पासून ते वातानाबेंसाठी ‘शोसोन’ या नावाने काम करू लागले. विक्रेत्याने नाव, प्रकाशक आणि वर्ष यांची सांगड भलतीच घातली असेल तर ती लगेच लक्षात यावी म्हणून हे लिहून ठेवलेले बरे.

उत्तर : रावपुराकर

ठसा-शाई यांच्याशी मी येथे थोडा असहमत आहे. उन्सोदोची चित्रे सुंदर आहेत, पण ती आजही छापली जात असल्याने घेण्याची घाई करण्याचे कारण नाही. हातात असलेले पैसे आधी जुन्या, मोजक्या शिल्लक असलेल्या प्रतींवर खर्च करावेत आणि पुन्हा छापता येणारे पुढे कधीही घ्यावे. पाच फुलांच्या ऐवजी एक जुना शोतेई घेतला तर मी त्याला शहाणपण म्हणेन. कागदाला थोडी बुरशीची टिकली असली तरी चालेल, पण समास कापलेला आणि रंग उडालेला नको.

उत्तर : ठसा-शाई

टिकली चालते हे मान्य. रंग उडाला आहे हे कळायला मात्र एकाच चित्राच्या अनेक प्रती पाहिलेल्या असाव्या लागतात, आणि त्यासाठी विकत घेण्याची गरज नाही. बॉस्टन, शिकागो, न्यूयॉर्क आणि लंडनच्या संग्रहालयांनी आपल्या प्रतींची छायाचित्रे खुली ठेवली आहेत, आणि युकियो-ई डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर आपल्याकडचे छायाचित्र टाकले तर अनेक संग्रहालयांतल्या त्याच चित्राच्या प्रती एका पानावर येतात. विकाऊ प्रतीतले आकाश सर्व प्रतींपेक्षा फिके असेल, किंवा कोपऱ्यातला शिक्का कोणत्याच प्रतीत त्या जागी नसेल, तर उत्तर मिळाले. प्रत्यक्ष कागद पाहायची सवयही लावावी. सयाजीबागेतले संग्रहालय आणि राजवाड्याच्या आवारातले फतेसिंह संग्रहालय या दोन्ही ठिकाणी जपानच्या वस्तू आहेत; महाराज सयाजीराव स्वतः १९१० मध्ये जपानला गेले होते. शिवाय ललितकला विद्याशाखेत विद्यार्थ्यांचे काम मांडलेले असते तेव्हा तिथल्या लाकडी ठशांच्या चित्रांची मागची बाजू दाखवायला कोणी नाही म्हणत नाही.

उत्तर : खळ

कागदाची डागडुजी हे माझे काम आहे, म्हणून बडोद्याच्या हवेविषयी लिहिते. आपल्या घराचे वर्णन वाचून सांगते की चित्रे घरात ठेवता येतील, पण भिंतीवर कायमची नाही.

उजेड हा पहिला शत्रू आहे आणि त्याने झालेले नुकसान भरून येत नाही. अठराव्या शतकातल्या चित्रांतला तांबडा रंग करडईच्या पाकळ्यांचा आणि निळा रंग आपल्या केन्याच्या जवळच्या एका रानफुलाचा असे; हे दोन्ही इतके हळवे आहेत की निळी आकाशे आज पिवळट करडी झालेली दिसतात. १८३० च्या सुमारास प्रशियन निळा रंग रुळल्यावर स्थिती सुधारली, पण विसाव्या शतकातली चित्रेही उन्हात टिकत नाहीत. संग्रहालये अशा कागदांवर ५० लक्सच्या आसपासच प्रकाश पाडतात. घरात चित्र लावायचेच असेल तर खिडकीच्या समोरची आणि पश्चिमेची भिंत सोडावी, अतिनील किरण अडवणारी काच घ्यावी, आणि दोन-तीन महिन्यांनी चित्र उतरवून दुसरे लावावे. उरलेल्यांनी अंधारात विश्रांती घ्यावी.

पावसाळ्यात ओल आली की कागदात रंग पसरू नये म्हणून तुरटीबरोबर मुद्दाम लावलेला सरस बुरशीला आयते अन्न पुरवतो. चित्रे आम्लरहित कागदाच्या घडीत आडवी ठेवून ती पेटीत ठेवावीत, आणि पेटी बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटात, जमिनीपासून उंच ठेवावी. पेटीत एक लहान आर्द्रतामापक ठेवला की अंदाज राहतो. काटा ६५ टक्क्यांच्या वर राहू लागला तर सिलिका जेलच्या पुड्या बदलाव्यात. कोरड्या दिवशी पेटी उघडून वारा द्यावा, पण चित्रे उन्हात घालू नयेत. कसर लागू नये म्हणून आपल्याकडे पोथ्यांत वेखंडाची पुरचुंडी ठेवतात, ती येथेही चालते, फक्त कागदाला टेकू नये. ओला कडुलिंब ठेवू नये, त्याने ओलच वाढते. डांबराच्या गोळ्या मी वापरत नाही.

सर्वांत जास्त चित्रे माझ्याकडे येतात ती फ्रेमवाल्याच्या हातून बिघडलेली. चित्र पाठीमागून पूर्ण चिकटवून ‘ताठ’ केलेले असते, समास फ्रेममध्ये बसत नाही म्हणून कात्रीने कापलेला असतो, आणि मागे प्लायवूड लावलेले असते. प्लायवूड आणि साध्या पुठ्ठ्यातले आम्ल काही वर्षांत कागदावर तपकिरी चौकट उमटवते. फेविकॉल आणि सेलोटेप यांचा उल्लेखही नको. फ्रेमवाल्याला कागदावर लिहून द्यावे की चित्राला काहीही चिकटवायचे नाही आणि एक सूतही कापायचे नाही. आम्लरहित बोर्डाची खिडकी कापून घ्यावी, चित्राच्या वरच्या कडेला पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावून त्यांवर ते टांगावे, म्हणजे पाण्याने पट्टी सुटते आणि चित्र जसेच्या तसे बाहेर येते. काच आणि कागद यांमध्ये खिडकीच्या जाडीएवढे अंतर हवेच, नाहीतर पावसाळ्यात रंग काचेला चिकटतो. दांडिया बाजारातून मंडईपर्यंत चित्र नेतानाही ते गुंडाळी करून नेऊ नये. दोन ताठ पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट ठेवून न्यावे.

केवडा

खळ यांचे उत्तर छापून कपाटाच्या आतल्या बाजूस लावणार आहे. झोजोजीच्या जाहिरातीवाल्याला शिक्क्याचे छायाचित्र मागितले, तर त्याने चित्राचेच तेच छायाचित्र पुन्हा पाठवले. तेव्हा तो विषय मी सोडला. कामेइदोचा शोतेई कोठे मिळतो ते पाहू लागले आहे. एक शेवटची शंका : परदेशातून मागवलेली प्रत समाधानकारक नसेल तर परत पाठवता येते का?

उत्तर : रावपुराकर

कागदोपत्री येते, पण प्रत्यक्षात फार जिकिरीचे होते. येताना कस्टमचा आकार भरावा लागतो आणि तो परत मिळवणे हे एक स्वतंत्र प्रकरण असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर पाठवण्यावर निर्बंध आहेत, त्यामुळे हिरोशिगेसारखे एकोणिसाव्या शतकातले चित्र एकदा येथे आले की ते परत पाठवताना त्यात अडथळे येऊ शकतात. म्हणून बीजकावर चित्रकाराचे नाव, चित्राचे नाव, छपाईचा अंदाजे काळ आणि ‘कागदावरील काष्ठठसा’ असे स्पष्ट लिहून घ्यावे, आणि पैसे देण्यापूर्वीच मागच्या बाजूचे, चारही समासांचे आणि शिक्क्याचे छायाचित्र मागवून येथे टाकावे. शोतेईंच्या चित्रावर हिरोआकी हे नाव दिसले तर गोंधळू नये, ते त्यांचेच दुसरे नाव आहे.